हापूसमधील साक्याचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त आहे की नाही, हे १२० फळांवरून कसे ठरवावे?

प्रश्न
कातळावरची कलमे, देवगड तालुका

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातील काही बागायतदार मिळून कॅनिंगचा हापूस एका प्रक्रिया उद्योजकाला एकत्रितपणे देतो. यंदाच्या बोलीनुसार मालात साका असलेल्या फळांचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण दर मिळायचा आणि ते त्याहून जास्त आढळले तर दरात कपात व्हायची, असे ठरले होते. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे येथील सर्वांना ठाऊक आहेच. फळ कितीही देखणे असले तरी सुरी लावल्यावाचून आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट झाला आहे की नाही हे कळत नाही, त्यामुळे सगळा माल तपासणे अशक्य असते आणि नमुना कापूनच निर्णय करावा लागतो. एप्रिलअखेरच्या काढणीतील १२० फळे आढीत पिकवून कापण्यात आली. त्यांपैकी १८ फळांत साका निघाला, म्हणजेच नमुन्यातील प्रमाण १५ टक्के आले.

खरेदीदाराच्या मते १५ हे १० पेक्षा जास्त असल्यामुळे कपात लागू होते. आमच्यातील दोन पदवीधर तरुणांचे म्हणणे असे की, नमुन्यात योगायोगाने थोडे कमीजास्त येणारच, तेव्हा हा फरक योगायोगाचा आहे का ते संख्याशास्त्रीय चाचणीने पाहावे. त्या दोघांनी चाचणी केली, पण उत्तरे वेगवेगळी आली. एकाने प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक प्रमाण किती कमीजास्त होते याचे माप) काढताना नमुन्यातील ०.१५ हा आकडा वापरला आणि झेडचे मूल्य (फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे ते) १.५३ काढले. दुसऱ्याने बोलीतील ०.१० वापरून १.८३ काढले. ५ टक्के सार्थकता स्तरावर (म्हणजे माल ठीक असूनही खराब ठरवण्याची चूक ५ टक्क्यांपर्यंत सोसून) एकपुच्छ, म्हणजे फक्त जास्तीची बाजू पाहणाऱ्या, चाचणीची सीमा १.६४५ असल्यामुळे पहिल्याच्या हिशेबाने फरक सार्थ ठरत नाही, दुसऱ्याच्या हिशेबाने ठरतो. त्यात आणखी एका सदस्याने द्विपुच्छ, म्हणजे कमी आणि जास्त या दोन्ही बाजू पाहणारी, चाचणीच घ्यावी असे सुचवले. तिची सीमा १.९६ आहे आणि त्या सीमेपर्यंत दोन्ही आकडे पोहोचत नाहीत.

शून्य परिकल्पना (तपासण्यासाठी धरलेले गृहीत) आणि पर्यायी परिकल्पना (त्याविरुद्ध सिद्ध करायचे म्हणणे) यांत नेमके काय लिहायचे, ०.१० वापरायचे की ०.१५, आणि एक पुच्छ की दोन, हे कृपया कोणी कारणांसह सांगावे. उत्तर आमच्या विरुद्ध गेले तरी चालेल. हीच पद्धत पुढच्या हंगामाच्या करारात लिहून घ्यावी असा आमचा विचार आहे आणि तिथे चुकीचे काही लिहिले जाऊ नये, एवढीच काळजी आहे.


उत्तर १
संख्याशास्त्र शिक्षक, रत्नागिरी

आपण सर्व आकडे दिलेत आणि बोलीचे शब्दही दिलेत, हे फार बरे झाले, कारण चाचणीची मांडणी त्या शब्दांतूनच निघते.

प्रथम समष्टी, म्हणजे ज्याविषयी निर्णय करायचा तो सगळा गट, कोणती ते ठरवू. आपला निर्णय एप्रिलअखेरच्या त्या काढणीतील सगळ्या फळांविषयी आहे. त्या सगळ्या फळांत साक्याचे जे खरे प्रमाण असेल, जे आपल्यापैकी कोणालाही माहीत नाही, त्याला आपण पी म्हणू. दोन्ही परिकल्पना या पीविषयीच असतात. नमुन्यातील ०.१५ हा आकडा परिकल्पनेत कधीही येत नाही, कारण तो आपल्याला आधीच माहीत आहे आणि माहीत असलेल्या गोष्टीची चाचणी करायची नसते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत ‘शून्य परिकल्पना: पी = ०.१५’ असे लिहिलेले मी अनेकदा पाहतो, म्हणून हे आधीच स्पष्ट करतो.

परिकल्पनेतला आकडा बोलीतून येतो आणि तो ०.१० आहे. ‘त्याहून जास्त आढळले तर कपात’ या शब्दांनुसार जे सिद्ध करायचे आहे ते पर्यायी परिकल्पनेत जाते. म्हणून शून्य परिकल्पना पी = ०.१० आणि पर्यायी परिकल्पना पी > ०.१० अशी होईल. शून्य परिकल्पनेत ‘०.१० किंवा त्याहून कमी’ असे लिहिले तरी हरकत नाही, हिशेब ०.१० या कडेच्या मूल्यावरच करायचा असतो, कारण खरे प्रमाण त्याहून कमी असेल तर १२० पैकी १८ किंवा अधिक फळांत साका निघण्याचा संभव आणखीच घटतो.

०.१० की ०.१५ या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. चाचणीत आपण असे विचारतो की, खरे प्रमाण १० टक्केच असते तर १२० फळांच्या नमुन्यात इतका साका निघणे कितपत संभवनीय होते? प्रश्नच ‘१० टक्के असते तर’ असा असल्यामुळे नमुन्यांतील चढउतारही त्याच गृहीतावर मोजले पाहिजेत. म्हणून प्रमाण त्रुटी ०.१० × ०.९० ÷ १२० याचे वर्गमूळ, म्हणजे ०.०२७४. फरक ०.०५, आणि झेड १.८३. आपल्या दुसऱ्या तरुणाची मांडणी बरोबर आहे. ०.१५ वापरून येणारी ०.०३२६ ही प्रमाण त्रुटी निराळ्या कामासाठी, म्हणजे विश्वासांतर (खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असावे असा अंदाज असतो तो पट्टा) काढण्यासाठी, सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांत वापरली जाते. दोन्ही सूत्रे पुस्तकात शेजारीशेजारी असल्यामुळे गल्लत होते.

आता एक पुच्छ की दोन. प्रमाण १० टक्क्यांहून कमी निघाले तर आपल्या व्यवहारात काही वेगळे घडणार आहे का? नाही, दर तोच राहतो. ज्या दिशेला निर्णय बदलतो ती दिशा एकच असल्यामुळे एकपुच्छ चाचणी योग्य आहे. मात्र ही दिशा फळे कापण्यापूर्वी ठरलेली असली पाहिजे. नमुना पाहिल्यावर ‘जास्त निघाले, तर मग जास्तची बाजू घेऊ’ असे केल्यास ५ टक्क्यांची म्हणून सांगितलेली चूक प्रत्यक्षात १० टक्क्यांची होते. आपल्या बाबतीत बोलीत ‘जास्त’ हा शब्द आधीपासून असल्यामुळे ही अडचण येत नाही.

तर झेड १.८३, एकपुच्छ पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा अधिक साका निघण्याचा संभव) ०.०३४, आणि ५ टक्के स्तरावर शून्य परिकल्पना फेटाळली जाते, असे वाटेल. इथे मात्र मी थांबायला सांगेन. झेड चाचणी प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाच्या आधारावर उभी आहे, आणि साका असलेल्या फळांची संख्या तर द्विपदी वितरणाने (ठराविक फळांपैकी किती साक्याची निघतील याचे नेमके संभव देणाऱ्या) चालते. दोन्ही अपेक्षित संख्या १० किंवा अधिक असाव्यात हा पाठ्यपुस्तकातला नियम आपला नमुना पाळतो, कारण अपेक्षित साक्याची फळे १२ आणि चांगली १०८ आहेत. तरीही प्रमाण ०.१० इतके लहान असले की द्विपदी वितरण उजवीकडे थोडे लांबलेले असते, आणि फळे पूर्णांकांत मोजली जात असल्यामुळे १७ आणि १८ यांच्या मधले काही नसते. द्विपदी वितरणावरून थेट हिशेब केला तर १८ किंवा अधिक फळांचा संभव ०.०५३ येतो. सातत्य दुरुस्ती (पूर्णांकांसाठी अर्ध्या फळाची सोय) करून झेड काढले तर तो ०.०४७ येतो. म्हणजे एकाच नमुन्यावर ०.०३४, ०.०४७ आणि ०.०५३ अशी तीन उत्तरे आली आणि त्यांतील शेवटचे सीमेच्या पलीकडचे आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या निर्णयावर शेतकऱ्याचा दर अवलंबून आहे तो अंदाजी सूत्रावर सोडू नये. झेडचे सूत्र हाताने आकडेमोड करण्याच्या काळात अत्यंत मोलाचे होते, पण आज मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्येसुद्धा द्विपदी संभव क्षणात मिळतो. बायनॉम-डिस्ट या फलनात १७, १२० आणि ०.१ भरून एकत्रित संभव मागावा आणि आलेले उत्तर १ मधून वजा करावे. १७ च्या जागी १८ भरू नये, कारण मग नेमका १८ फळांचाच संभव हिशेबातून गळतो. या पद्धतीने ५ टक्के स्तरावर सीमा १९ फळांची येते: १९ किंवा अधिक निघाली तर संभव ०.०३०, म्हणून फेटाळावे, आणि १८ पर्यंत फेटाळू नये. म्हणजे आपल्या नमुन्यावरून प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असल्याचे ५ टक्के स्तरावर सिद्ध होत नाही.

पण याचा अर्थ प्रमाण १० टक्के किंवा कमी असल्याचे सिद्ध झाले, असा कोणीही घेऊ नये. विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ९५ टक्के विश्वासांतर काढले तर ते ९.७ टक्क्यांपासून २२.५ टक्क्यांपर्यंत येते. १० हा आकडा त्यात जेमतेम बसतो आणि बाकीचे जवळजवळ सगळे अंतर १० च्या वरच आहे. खरेदीदाराची शंका निराधार नाही. ती या नमुन्यातून पुरेशी सिद्ध झालेली नाही, इतकेच.

आणि आता जो मुद्दा करारासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. समजा, बोलीचे शब्द उलटे असते: ‘साका १० टक्क्यांहून कमी असल्याचे बागायतदारांनी दाखवून दिले तर पूर्ण दर’. मग सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आला असता, शून्य परिकल्पना पी = ०.१० हीच राहिली असती, पण पर्यायी परिकल्पना पी < ०.१० झाली असती. त्या मांडणीत १२० पैकी ६ किंवा त्याहून कमी फळांत साका निघाला तरच शून्य परिकल्पना फेटाळता येते, कारण ६ पर्यंतचा संभव ०.०३८ आहे आणि ७ पर्यंतचा ०.०७८ होतो. म्हणजे एका मांडणीत १८ फळांपर्यंत आपल्याला पूर्ण दर, आणि दुसऱ्या मांडणीत ७ व्या फळालाच तो हातचा गेला. ७ ते १८ या मधल्या पट्ट्यात कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही आणि तिथे निकाल केवळ भार कोणावर आहे यावरून लागतो. येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करून तोलण्याचा जो विचार मांडला, तो इथे अगदी रोकडा आहे: माल ठीक असताना कपात झाली तर पहिल्या प्रकारची चूक आणि ती बागायतदाराच्या खिशातून जाते, माल खराब असताना पूर्ण दर दिला गेला तर दुसऱ्या प्रकारची, आणि ती खरेदीदाराच्या. दोघांनी एकत्र बसून यातली कोणती चूक किती सोसायची हे सुरी हातात घेण्यापूर्वी ठरवले पाहिजे.


उत्तर २
फळ गुणवत्ता तपासनीस, कुडाळ

सरांचे विवेचन पटले. परंतु मी हे काम प्रत्यक्ष करतो, म्हणून एक गोष्ट आग्रहाने विचारतो: ही १२० फळे कुठून आणि कशी घेतली? वरचा सगळा हिशेब प्रत्येक फळ यादृच्छिकपणे आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे निवडले गेले आहे असे धरून केलेला आहे. तसे नसेल तर ०.०५३ काय आणि ०.०३४ काय, दोन्हीला अर्थ राहत नाही.

साका सगळ्या फळांत सारखा विखुरलेला नसतो. मोठ्या आकाराच्या फळांत तो अधिक आढळतो, झाडावर जास्त तयार होऊ दिलेल्या फळांत अधिक आढळतो, आणि उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर, उन्हात पडून राहिलेल्या फळांत तर हमखास वाढतो. सकाळी लवकर उतरवून लगेच सावलीत ठेवलेला माल आणि भर दुपारी कातळावर ठेवून संध्याकाळी भरलेला माल, हे एकाच बागेचे असले तरी साक्याच्या दृष्टीने एक नव्हेत. हमालाने टेम्पोच्या मागच्या बाजूचे हाताशी आलेले चार-पाच क्रेट काढून दिले, तर बहुधा ते शेवटी भरलेले, म्हणजे एकाच बागेतले आणि एकाच वेळी उतरवलेले असतात. अशा क्रेटमधील फळे एकमेकांसारखी निघतात आणि १२० फळे कापूनही माहिती मात्र त्याहून बऱ्याच कमी फळांइतकीच मिळते. काही बागांत हापूसच्या जोडीने रत्नाची कलमेही असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेल्या या जातीत साका होत नाही, म्हणून ती फळे मालात मिसळली असतील तर आपण कोणत्या समष्टीविषयी बोलतो आहोत हेच बदलते.

दुसरे, साका कशाला म्हणायचे हे कापण्यापूर्वी लिहिलेले असावे. फळाचे दोन्ही गाल बाठ्यालगत उभे कापले की कधी कधी बाठ्याला चिकटून नखाएवढाच पांढरट, कोरडा ठिपका दिसतो आणि बाजूचा सगळा गर केशरी, रसरशीत असतो. कधी निम्मा गाल पोकळ आणि फिकट असतो. पहिले फळ साक्यात धरायचे की नाही? आपल्या नमुन्यात सीमा १८ आणि १९ यांच्या मधून जाते आहे, तेव्हा असे एकच फळ निकाल फिरवते. मी नेहमी असा आग्रह धरतो की दोन्ही पक्षांचा एक-एक माणूस समोर असावा आणि संशयास्पद फळाविषयीचा नियम आधी कागदावर असावा, म्हणजे तिथल्या तिथे हुज्जत होत नाही. आढीत देठकूज होऊन किंवा फळमाशीमुळे नासलेली फळे छेदात, म्हणजे एकूण फळांच्या संख्येत, धरायची की वगळायची, हेही त्याच कागदावर असावे. कापणीच्या वेळी ती मुकाट बाजूला काढली गेली तर १२० हा आकडा १२० राहत नाही.

यादृच्छिक निवडीचे महत्त्व आपल्या भागात नवे नाही. भाताच्या पीक कापणी प्रयोगात शेतातला तुकडा कोणाच्या मर्जीने निवडत नाहीत. यादृच्छिक आकड्यांवरून त्याची जागा ठरते आणि मगच तेवढे भात कापून, झोडून तोलतात. ही पद्धत देशात रुजवण्यात मोठा वाटा असलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि पिअर्सन यांच्याच सहवासात अभ्यास केला आणि पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत नमुना पाहण्यांचे काम उभे केले. भाताच्या तुकड्यासाठी जी शिस्त आपण पाळतो तीच आंब्याच्या क्रेटसाठी पाळणे मुळीच अवघड नाही: क्रेटना भरतानाच क्रमांक द्यावेत, चिठ्ठ्या टाकून क्रेट निवडावेत आणि क्रेटमधले फळही वरचे-खालचे न पाहता चिठ्ठीनेच घ्यावे.


पुन्हा प्रश्नकर्ता
कातळावरची कलमे, देवगड तालुका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपण विचारले म्हणून चौकशी केली. १२० फळे पाच क्रेटमधून प्रत्येकी २४ अशी घेतली होती. कोणते पाच क्रेट घ्यायचे ते चिठ्ठीने ठरवले नव्हते. संशयास्पद फळांची वेगळी नोंद नाही.

यावरून दोन शंका आहेत. त्याच मालातील काही क्रेट अजून शिल्लक असून खरेदीदार म्हणतो की आणखी १२० फळे कापू आणि आधीच्या १२० मध्ये मिळवून २४० वर निर्णय करू. हे योग्य होईल का? आणि पुढच्या हंगामासाठी किती फळे कापावीत? कमी कापली तर आमची बाजू सुरक्षित राहते असे आमच्यातील काहींना वाटते, पण मला ते न्यायाचे वाटत नाही, आणि अशा कराराला खरेदीदार दुसऱ्या वर्षी उभा राहणार नाही.


उत्तर ३
संख्याशास्त्र शिक्षक, रत्नागिरी

तपासनीसांनी विचारलेला प्रश्न माझ्या सगळ्या दशांश चिन्हांहून महत्त्वाचा होता. एकाच क्रेटमधील दोन फळांतील सहसंबंध (ती एकमेकांसारखी निघण्याचे माप) केवळ ०.०५ धरला, तरी प्रत्येक क्रेटमधून २४ फळे घेतल्यावर नमुन्यातील चढउतारांचे प्रचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) १ + २३ × ०.०५, म्हणजे २.१५ पट होते आणि १२० फळांची किंमत सुमारे ५६ स्वतंत्र फळांइतकीच उरते. त्यावर १५ टक्के निघणे हे १० टक्क्यांच्या शून्य परिकल्पनेशी मुळीच विसंगत नाही. हाच सहसंबंध धरून ६० क्रेटमधून दोन-दोन फळे घेतली असती तर पट फक्त १.०५ झाली असती आणि १२० पैकी ११४ फळांइतकी माहिती हाती आली असती. कापायची फळे तितकीच, फक्त क्रेट जास्त उघडायचे. त्यातच क्रेटची निवड चिठ्ठीने झाली नसल्यामुळे, या नमुन्यावर ठाम निर्णय करू नये असेच मी दोन्ही पक्षांना सांगेन.

आणखी १२० फळे आधीच्या फळांत मिळवण्याविषयी: निकाल पाहून नमुना वाढवणे धोक्याचे असते. पहिल्या १२० वर ५ टक्के स्तरावर पाहायचे, नाही जमले तर आणखी तितकीच फळे मिळवून पुन्हा ५ टक्क्यांवर पाहायचे, असे केल्यास माल ठीक असतानाही कपात होण्याचा संभव ५ वरून सुमारे ८ टक्क्यांवर जातो. टप्प्याटप्प्याने तपासण्याच्या रीती आहेत आणि १९४० च्या दशकात अब्राहम वाल्ड यांनी त्यांचा पाया घातला, पण त्यांतही प्रत्येक टप्प्याची सीमा आधीच ठरलेली असते. शिल्लक क्रेट असतीलच तर जुनी १२० फळे पूर्णपणे बाजूला ठेवून, क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून नव्याने नमुना घ्यावा आणि केवळ त्याच्यावर निर्णय करावा, तोही शिल्लक मालापुरता.

फळांच्या संख्येबाबत आपली भूमिका मला मनापासून आवडली. १२० फळे आणि १९ ची सीमा असताना खरे प्रमाण १५ टक्के असले, म्हणजे माल बोलीपेक्षा दीडपट खराब असला, तरी तो पकडला जाण्याचा संभव सुमारे ४४ टक्केच आहे. प्रमाण २० टक्के असेल तर तो ९० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ही चाचणी फार खराब माल ओळखते, पण मध्यम खराब माल निम्म्याहून अधिक वेळा सोडून देते. १५ टक्के प्रमाण ८० टक्के वेळा ओळखता यावे अशी इच्छा असेल, तर प्रसामान्य वितरणावर आधारलेल्या सूत्राने २५३ फळे लागतात आणि थेट द्विपदी चाचणीला त्याहून थोडी अधिक. व्यवहारात मी २४०, म्हणजे २० डझन सुचवेन. सीमा ३३ फळांची ठेवली तर माल नेमका १० टक्क्यांचा असताना कपात होण्याचा संभव ४ टक्क्यांच्या आसपास राहतो, आणि १५ टक्के प्रमाण सुमारे ७३ टक्के वेळा ओळखले जाते. कॅनिंगचा आंबा असल्यामुळे कापलेली चांगली फळे तशीच रसाला जातात, तेव्हा नमुना मोठा केल्याने होणारे नुकसानही थोडेच आहे. पेटीतून घरगुती ग्राहकाला जाणाऱ्या फळांबाबत मी इतक्या सहज हा आकडा सांगितला नसता.

खरेदीदाराला ७३ टक्के अपुरे वाटले, तर संख्या वाढवावी किंवा सार्थकता स्तर ५ ऐवजी १० टक्के करावा. दुसऱ्या उपायात आपला धोका वाढतो, म्हणून तो मान्य करायचा असेल तर त्याच्या बदल्यात दराविषयी बोलून घ्यावे.

करारातील कलम साधारण असे लिहिता येईल. ‘समष्टी म्हणजे एका काढणीत उतरवून एकत्र पाठवलेली हापूसची सर्व फळे, इतर जातींची फळे वेगळी ठेवली जातील. प्रत्येक क्रेटला भरतेवेळी क्रमांक दिला जाईल. उभय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून १२० क्रेट निवडले जातील आणि प्रत्येक क्रेटमधून चिठ्ठीने दोन, अशी २४० फळे घेतली जातील. आढीत नासलेल्या फळाच्या जागी त्याच क्रेटमधील दुसरे फळ चिठ्ठीनेच घेतले जाईल आणि तशी नोंद होईल. दोन्ही गाल कापल्यावर पांढरट, कोरडा किंवा पोकळ भाग कोणत्याही आकाराचा दिसल्यास ते फळ साक्याचे धरले जाईल. अशी फळे ३३ किंवा अधिक निघाल्यास प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असल्याचे मानून कपात लागू होईल; ३२ पर्यंत निघाल्यास पूर्ण दर दिला जाईल. एकदा मोजणी सुरू झाल्यावर नमुन्यात फळे वाढवली किंवा घटवली जाणार नाहीत.’ काढणी १२० क्रेटपेक्षा कमी असेल तर सर्व क्रेटमधून सारखी फळे घ्यावीत. लहान ठिपका साक्यात धरायचा नाही असे आपले ठरले तर ते ‘कोणत्याही आकाराचा’ या शब्दांच्या जागी लिहावे, पण मग १० टक्के ही मर्यादासुद्धा त्याच व्याख्येने ठरवलेली आहे ना, हे खरेदीदाराला सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.